जुनी गाडी, इंजिनचा आवाज आणि सौद्यातील ऐब

लातूरचे आमचे एक वाचक कापडाचे व्यापारी आहेत. खरेदीसाठी त्यांना महिन्यातून दोन-तीन वेळा सोलापूर व हैदराबादला जावे लागते. आता स्वतःची गाडी घ्यावी असा त्यांचा विचार आहे. कर्जाच्या वाटेला जायचे नाही, कारण त्यात व्याज आले. म्हणून चार वर्षे थोडी थोडी रक्कम बाजूला टाकून त्यांनी पैसे जमवले. नांदेडला त्यांना २०१४ सालची एक डिझेल गाडी दाखवण्यात आली. रंग, टायर, आतील सीट सर्व ठीक, भावही बाजारापेक्षा थोडा कमी. मात्र सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की पाच-सात सेकंद इंजिनातून खळखळ असा आवाज येतो आणि मग थांबतो. मालक म्हणतात, डिझेल गाडी आहे, एवढा आवाज असायचाच. दलाल म्हणतो, दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी बयाना घेऊन येणार आहे. आमच्या वाचकांचे प्रश्न दोन आहेत : ही गाडी घ्यावी काय, आणि घेतल्यावर इंजिन बसले तर पैसे परत मागता येतील काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आवाज कानाने ऐकून, समजून-उमजून गाडी घेतली तर त्या आवाजापोटी गाडी परत करण्याचा हक्क राहत नाही. शरिअतमध्ये राहत नाही आणि देशाच्या कायद्यातही बहुधा राहत नाही. म्हणजे आवाजाचा जो काही निकाल लावायचा तो पैसे मोजण्यापूर्वीच लावावा लागतो.

फिक्ह काय सांगते, कायदा काय सांगतो

फिक्हच्या ग्रंथांत 'खियारे ऐब' असे एक प्रकरण असते. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्याने मालाची किंमत उतरते तो ऐब. असा ऐब विक्रीच्या आधीपासून मालात असला आणि खरेदीदाराला तो ठाऊक नसला, तर कळल्यावर त्याला निवड करता येते. ठरलेल्या पूर्ण किमतीत माल ठेवावा, किंवा माल परत देऊन पैसे घ्यावे. आपल्या मराठवाड्यात बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. हनफी मतानुसार माल ठेवून घेऊन वर किंमत कापून मागण्याचा हक्क सहसा मिळत नाही. विक्रेता आपखुशीने कमी करील तर गोष्ट निराळी. खरेदीदाराकडे आल्यावर मालात दुसरा नवीन दोष निर्माण झाला आणि त्यामुळे परत करणे अडले, तरच जुन्या दोषाची भरपाई मागता येते.

या प्रकरणात गाडीवाल्यांनी नीट वाचण्यासारखा एक मसला आहे. एखाद्याने जनावर विकत घेतले, नंतर त्याला जखम असल्याचे दिसले, आणि त्याने त्या जखमेवर औषध लावले किंवा आपल्या कामासाठी त्यावर स्वारी केली, तर तो त्या दोषाला राजी झाला असे मानले जाते व परत करण्याचा हक्क जातो. परंतु विकणाऱ्याकडे परत नेण्यासाठी, पाणी पाजण्यासाठी किंवा चारा आणण्यासाठी स्वारी केली तर तो राजी झाला असे होत नाही. हाच हिशेब गाडीला लावून पाहा. दोष कळल्यावर गाडी मिस्त्रीला दाखवायला किंवा मालकाकडे परत न्यायला चालवली तर हरकत नाही. पण दोष कळूनही हैदराबादची एक खेप करून आलात, किंवा इंजिन खोलून काम करून घेतले, तर मग तक्रारीला जागा उरत नाही. आमच्या पाहण्यात बहुतेक तंटे येथेच अडतात. खरेदीदार आधी दहा हजारांचे काम करून घेतो आणि नंतर बिल घेऊन मालकाच्या दारात जातो.

कायद्याकडे वळू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तेथे स्पष्टीकरणात म्हटले आहे की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. बोलण्याचे कर्तव्यच असेल, किंवा गप्प राहणे हेच बोलण्यासारखे असेल, तर मात्र ती फसवणूक ठरते. उदाहरण घोड्याचे दिले आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा काही बोलला नाही तर ती फसवणूक नाही. पण खरेदीदाराने असे म्हटले की, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि विक्रेता गप्प राहिला, तर त्याचे गप्प राहणे बोलण्याइतकेच धरले जाते. दोन साक्षीदारांसमोर हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. तेव्हा प्रत्येक गाडीच्या सौद्यात तो विचारावा आणि उत्तर कागदावर घ्यावे.

त्याच कायद्याचे १९ वे कलम आणखी एक गोष्ट सांगते. गप्प राहून फसवले असा आरोप असेल, आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन खरे काय ते कळू शकत असेल, तर करार रद्द करता येत नाही. सकाळी सुरू करताना सर्वांना ऐकू येणारा आवाज हा साधारण काळजीत मोडतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलमही मूलतः खरेदीदारानेच डोळे उघडे ठेवावेत या बाजूचे आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग गाड्यांचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध आहे; घरची एक गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध तो चालत नाही.

मात्र कायदा आणि दीन यांत विकणाऱ्याच्या बाबतीत मोठे अंतर आहे. कायदा विकणाऱ्याला गप्प राहण्याची बरीच मोकळीक देतो. हजरत मुहम्मद (स.) यांनी ती दिलेली नाही. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आला आहे, तो बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. ओला भाग वर का ठेवला नाही, हा तेथे प्रश्न होता. इमाम अबू हनिफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांचे भागीदार हफ्स यांनी एक ऐबदार कापड ऐब न सांगता विकले आणि गिऱ्हाईक कोण हे त्यांना आठवेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम खैरात केली असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. आज गाडी विकणारे बंधू 'गिऱ्हाईकाने विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही' असे म्हणतात. विचारण्याची वाट पाहण्याची सवलत त्यांना कोठून मिळाली हे आम्हाला समजत नाही.

आवाज कोणता, हे आधी ठरवा

आपला मुलूख जनावरांची पारख करणाऱ्यांचा आहे. देवणी गोवंश लातूर जिल्ह्यातला, लाल कंधारी नांदेडचा. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत घोडे विकले जातात; उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार सर्वांना माहीत आहे. या बाजारांत दात न पाहता, चालवून न पाहता, खोड न विचारता जनावर घेणारा शेतकरी क्वचित सापडेल. तोच शेतकरी किंवा व्यापारी तीन लाखांची गाडी मात्र पाच मिनिटांत पसंत करतो. रंग पाहतो, टेप लावून पाहतो.

इंजिनच्या प्रत्येक आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. इंजिनच्या वरच्या भागातून येणारी हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची असते, आणि बऱ्याच गाड्यांत ती जुळवणी करून जाते. चिरकणारा किंवा घरघरणारा आवाज पट्ट्याचा, अल्टरनेटरच्या अथवा पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगचा असू शकतो. मिस्त्री पट्टा काढून काही सेकंद इंजिन चालवतो. आवाज गेला तर दोष इंजिनच्या पोटात नाही हे निश्चित झाले. क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज क्लचच्या बेअरिंगचा किंवा गिअरबॉक्सचा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले तर थंड इंजिनात फटफट असा आवाज येतो. तो ऐकून अनेक जण उगाच इंजिन खोलतात. जागेवर उभी असताना सगळी गाडी थरथरत असेल तर इंजिनचे माउंटिंग पाहावे.

खरी भीती खालच्या आवाजाची आहे. इंजिनच्या तळातून येणारी जड ठकठक, जी इंजिन तापल्यावर वाढते आणि चढावर जोर दिला किंवा एकदम अॅक्सिलरेटर सोडला की स्पष्ट होते, ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असण्याचा संभव असतो. त्याहून बोजड, धबधब असा आवाज आणि सोबत ऑइलचा दिवा लुकलुकणे, हे क्रँकच्या मुख्य बेअरिंगचे लक्षण. तेल गरम झाले की पातळ होते, बेअरिंगमधील फट भरून निघत नाही, म्हणून आवाज वाढतो. अशी गाडी आम्ही घेऊ नका असेच सांगू. मालक गाडीचा भाव इंजिन वगळून, सांगाडा व टायर एवढ्याच हिशेबाने करीत असेल तरच विचार करावा, आणि तोही ज्याच्या घरात मिस्त्री आहे त्याने करावा. क्रँक काढून लेथवर जाईपर्यंत खर्चाचा आकडा कोणी नक्की सांगू शकत नाही.

आमच्या वाचकांनी वर्णन केलेला आवाज निराळा आहे. तो थंड इंजिनात येतो आणि काही सेकंदांत जातो. त्यांची गाडी ज्या इंजिनाची आहे ते १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आपल्या रस्त्यांवर फार आहे. रचना फियाटची; मारुतीने त्याला डीडीआयएस, टाटाने क्वाड्राजेट आणि फियाटने स्वतः मल्टिजेट असे नाव दिले. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, त्यामुळे आता बाजारात या इंजिनाच्या मारुती गाड्या येतात त्या सर्व त्याआधीच्या आहेत. चांगले, काटकसरी इंजिन आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्याला टायमिंगसाठी पट्टा नसून चेन आहे, आणि ती चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो. सकाळी सुरू करताच दाब येईपर्यंत चेन थोडी सैल असते. चेन व तिचे गाइड नवे असतील तर हे कानाला कळतही नाही. ती लांबली असेल, गाइड झिजले असतील, तर खळखळ ऐकू येते. ऑइल वेळेवर न बदलणे हे याचे नेहमीचे कारण. पाच हजार किलोमीटर आणखी चालेल, दहा हजार आणखी चालेल, असे करीत मालक गाडी विकायला काढतो.

या आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी चालवली तर एखाद्या दिवशी चेन दाता सोडते. मग व्हॉल्व्ह व पिस्टन यांची वेळ चुकते, ते एकमेकांवर आदळतात, रॉकर तुटतात आणि गाडी जागेवर उभी राहते. चाकूर आणि अहमदपूरच्या मधे रात्री दहा वाजता उभी राहिली तर काय, याचा विचार प्रत्येकाने आपापला करावा. उलट बाजूने पाहता चेन, गाइड, टेन्शनर यांचा पूर्ण संच बदलणे हे ठरलेले काम आहे. त्याचा खर्च आधी विचारता येतो. खालच्या बेअरिंगच्या कामाप्रमाणे ते अथांग नाही.

आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी. हलक्या दर्जाचा ऑइल फिल्टर किंवा चुकीच्या प्रतीचे ऑइल असले तरी सकाळी दाब यायला उशीर लागतो आणि असाच आवाज येतो. म्हणून मालक तयार असेल तर योग्य प्रतीचे ऑइल व चांगला फिल्टर टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकावे. खर्च खरेदीदाराने सोसावा. तीन लाखांच्या सौद्यात ही रक्कम मोठी नाही.

बांधलेली कास

जनावराच्या बाजारातील एक जुनी लबाडी अशी की विकण्याआधी दोन-तीन दिवस दूध काढायचे नाही, कास फुगू द्यायची, म्हणजे गिऱ्हाईकाला जनावर दुभते वाटते. हजरत मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली आणि फसलेल्या खरेदीदाराला परतीचा मार्ग दिला, असे सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच्या तपशिलाबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत, मनाईबाबत नाहीत. गाडीच्या बाजारात बांधलेली कास कशी असते ते सांगतो.

ठकठक करणाऱ्या इंजिनात दाट ऑइल किंवा ऑइल घट्ट करणारे मिश्रण टाकतात. दोन-चार दिवस आवाज दबतो. गिऱ्हाईक येण्याच्या अर्धा तास आधी गाडी फिरवून आणतात, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज ऐकूच येऊ नये. इंजिन प्रेशरने धुऊन पुसून ठेवतात, गळती दिसत नाही. स्कॅनर लावून चुकांच्या नोंदी पुसतात. गाडी दाखवताना एसी आणि टेप चालू ठेवतात. यावर उपाय साधे आहेत. आधी न कळवता सकाळी लवकर जावे आणि सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर चहा घेऊन परत यावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. डिपस्टिकवरचे ऑइल बोटावर घेऊन पाहावे. डिझेलमध्ये ते काळे असणारच. पण ते काकवीसारखे दाट लागत असेल, किंवा त्यात चमकणारे कण असतील, तर विचार करावा. ऑइलचे झाकण काढून ठेवले असता इंजिन जोराने धूर फेकत असेल, ज्याला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा व बोअर झिजले आहेत.

मग रस्ता. नांदेडला घेतलेली गाडी शहरात चार चक्कर मारून कळत नाही. लोह्याच्या दिशेने निदान वीस-पंचवीस किलोमीटर न्यावी. गोदावरीच्या काठावरून बालाघाटाकडे जाताना जमीन चढत जाते, तेथे इंजिनावर जोर येतो. चांगली तापल्यावर थांबवून जागेवर चालू ठेवावी आणि ऑइलचा दिवा पाहावा. पुन्हा वेग घेऊन एकदम पाय सोडावा आणि काच खाली करून ऐकावे.

जुन्या डिझेल गाड्यांत मिस्त्री एकेक नोझलचा पाइप सैल करून कोणत्या सिलिंडरचा आवाज आहे ते शोधीत. नव्या कॉमन रेल इंजिनात असे कदापि करू नये. त्या पाइपात हजार बारच्याही वर दाब असतो. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि हात गमावण्याची वेळ येते. तेथे नोझलचा विजेचा प्लग काढून पाहतात, तेही जाणत्यानेच.

मिस्त्रीबद्दल थोडे बोलणे भाग आहे, कारण आमच्या वाचकांत मिस्त्री लोक बरेच आहेत. गाडी पाहायला ज्याला नेता, त्याला पाहण्याची मजुरी द्या. आपल्याकडे ही रीत नाही. ओळखीचा मिस्त्री चहापाण्यावर येतो, आणि मग त्याची कमाई एक तर दलालाकडून येते नाही तर पुढे निघणाऱ्या कामातून. अशा माणसाने निखालस खरे सांगावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. पाचशे-हजार रुपये देऊन, गाडी घेतली तरी आणि न घेतली तरी मजुरी तीच, असे आधी ठरवावे. विकणाऱ्याचा नेहमीचा मिस्त्री नेऊ नये. मिस्त्री बंधूंनीही दोन्हीकडून पैसे घेत असतील तर ते दोघांना सांगून घ्यावेत.

भाव कसा करावा

समजा तशीच, पण आवाज नसलेली गाडी ३ लाखांना मिळते आणि ही २ लाख ८० हजारांना सांगितली आहे. वीस हजारांचा फायदा दिसतो. मिस्त्रीने चेनच्या पूर्ण कामाचा अंदाज ३० हजार सांगितला, तर गाडी प्रत्यक्षात ३ लाख १० हजारांना पडली. त्यात कामासाठी गाडी बंद राहील ते दिवस, आणि उघडल्यावर आणखी काही निघाले तर त्याची तरतूद धरा. आम्ही अंदाजाच्या निम्मी रक्कम आणखी धरतो. या हिशेबाने योग्य भाव २ लाख ५५ हजारांच्या आसपास येतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, खरे आकडे आपल्या मिस्त्रीकडून घ्यावेत. २ लाख ५५ हजारांना मालक राजी नसेल तर त्याला म्हणावे, काम तुम्हीच करून द्या, बिल दाखवा, आम्ही ३ लाख देतो. मालक जर म्हणाला की आवाज किरकोळ आहे, तर किरकोळ काम करून द्यायला त्याला अडचण नसावी. या प्रश्नावर जो उत्तर टाळतो त्याला आवाजाचे कारण माहीत आहे असे आम्ही धरतो.

नव्या गाड्यांचा भावही पाहून ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा मालक अजून आधीचाच भाव डोक्यात धरून बसलेला असतो.

दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर वेळ घालवत नाही. गिऱ्हाईक खोटे असेल तर तो 'नजश' होतो, म्हणजे घेण्याचा इरादा नसताना भाव वाढवणे, आणि त्याची मनाई स्पष्ट आहे. गिऱ्हाईक खरे असेल आणि त्याचा सौदा ठरत आला असेल तर त्यावर आपण बोली लावणे हेही मना आहे. दोन्ही बाजूंनी घाईचे कारण उरत नाही.

बयाना देताना विचारपूर्वक द्यावा. सौदा मोडला तर बयाना बुडाला, ही बाजारातील रीत बहुसंख्य फुकहांना मान्य नाही. हंबली मतात तिला जागा आहे. आमचे म्हणणे असे की बयान्याऐवजी मुदतीची शर्त घालावी. फिक्हमध्ये याला 'खियारे शर्त' म्हणतात : अमुक दिवसांत सौदा कायम करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवणे. इमाम अबू हनिफा (रह.) यांच्या मते ही मुदत जास्तीत जास्त तीन दिवसांची, त्यांचे शिष्य इमाम अबू युसूफ व इमाम मुहम्मद (रह.) यांनी, मुदत ठरलेली असेल तर अधिक दिवसांनाही मान्यता दिली. गाडीसाठी तीन दिवस पुरेसे आहेत. तीन सकाळी थंड इंजिन ऐकायला मिळते.

सौदाचिठ्ठीवर आवाजाचा उल्लेख नावानिशी करावा. इंजिन सुरू करताना चेनचा आवाज येतो, तो विक्रेत्याने दाखवला आहे व भाव त्याप्रमाणे धरला आहे. याखेरीज इंजिन व गिअरबॉक्स यांत कोणताही दोष आपल्या माहितीत नाही असे विक्रेता सांगतो. खरेदीदाराला अमुक तारखेपर्यंत सौदा रद्द करता येईल. एवढे तीन मुद्दे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. 'जशी आहे तशी घेतली' असे छापील वाक्य असेल तर ते वाचल्याशिवाय सही करू नये. सर्व ऐबांतून मोकळीक घेऊन विकणे हनफी मतात चालते. एकदा ती शर्त मान्य केली की परतीचा हक्क संपतो. कोकणातील शाफई बांधवांच्या मजहबमध्ये ही मोकळीक बरीच आखडती आहे, पण मराठवाड्यात तिच्यावर विसंबून राहता येणार नाही.

कागद

इंजिनच्या नादात कागद राहू नयेत म्हणून थोडक्यात. गाडी एमएच-२६ ची आणि घेणारा एमएच-२४ चा असला तरी राज्य एकच, क्रमांक बदलत नाही. फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५० व्या कलमानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकणाऱ्याने हे हलके घेऊ नये : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र व फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तोपर्यंत तिसऱ्या माणसाचे नुकसान भरून मिळते, आपल्या गाडीचे मिळेलच असे नाही. दंडाचे ई-चलन बाकी आहे काय ते मोबाइलवर पाहता येते.

हैदराबाद, निजामाबाद किंवा बिदरहून आलेली गाडी स्वस्त दिसते. एपी, टीएस, टीजी किंवा केए क्रमांकाच्या गाडीला तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मिळवायला जुन्या मालकाची साथ लागते, आणि गाडी विकून मोकळा झालेला माणूस फोन उचलीलच असे नाही. तो कर भावात आधीच धरून मग गाडी स्वस्त आहे की महाग ते ठरवावे.